पाच पावलं आत

मैदानावर फक्की मारायचं काम मी एकतीस वर्षं केलं. फक्की म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. खेळाच्या मैदानावर पांढऱ्या रेघा दिसतात, त्या आपोआप उगवत नाहीत. कुणीतरी पहाटे उठून खुंट्या ठोकतो, सुतळी ताणतो, चाकाच्या डब्यात पांढरी पूड भरतो आणि कंबर मोडेस्तोवर तो डबा ढकलत नेतो. तो कुणीतरी म्हणजे मी. चार वाजता शिट्टी वाजली की अर्ध्या तासात त्या रेघांची माती होते, आणि वर लोक विचारतात, आजोबा, रेघा नीट दिसत नाहीत हो. अशा लोकांना मी उत्तर देत नाही.

सांगतोय ती गोष्ट त्या मैदानावरची आहे. मधे मधे विचारू नका. मला जेवढं ठाऊक आहे तेवढं सांगेन, त्यापुढचं मलाही ठाऊक नाही.

आमच्या क्लबचा मुलींचा फुटबॉल संघ होता. दर रविवारी चार वाजता सामना. संघात तीन नंबरला माझी नात खेळायची. डावीकडची बॅक. एका जागी दोन क्षण उभी राहणार नाही, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. बाप लहानपणीच गेला. घरात ती, तिची आई म्हणजे माझी लेक, आणि मी.

आणि मोबाइलवर एक ग्रुप होता. 'चारची शिट्टी' असं त्याचं नाव. संघावर जीव टाकणारी साठ-सत्तर माणसं. सामना नव्वद मिनिटांचा आणि बडबड आठवडाभर. कोण कशी खेळली, कुणाला कुठे लावायला हवं होतं, पुढचा सामना किती-कितीने जिंकणार. ज्यांना दोन जिने चढताना धाप लागते ते पोरींना पळायचं कसं ते शिकवायचे. मला टाइप करता येत नाही. शाळेत मी फार टिकलो नाही. वाचतो सावकाश, बोट ठेवून, आणि सांगायचं ते बोलून पाठवतो. ग्रुपवर मला फक्कीआजोबा म्हणत.

ग्रुप चालवायचा एक न्हावी. तोंडाळ माणूस, पण मनाने वाईट नाही. आणि आकडे ठेवायचा एक कंपाउंडर. औषधाच्या दुकानात असतो. तो दर सामन्याला सगळ्यात वरच्या पायरीवर बसून मोबाइलवर चित्रण करायचा आणि घरी जाऊन मोजायचा. कुणी किती पास दिले, कुणी किती घेतले. लग्न झालेलं नाही, म्हणून वेळ होता.

सुरुवात त्याच्या आकड्यांपासूनच झाली. आमच्या कोचची पद्धत अशी, की डावीकडे पुढे कुणी ठेवायचंच नाही. तिकडे पळायला पोरगीच नव्हती त्याच्याकडे. सगळा खेळ मधून आणि उजवीकडून. एका सोमवारी कंपाउंडरने लिहिलं, "एक कोडं आहे. भिंगरीने काल सात पास डावीकडे पुढे दिले. तिथे आपलं कुणीच नव्हतं. तरी सातपैकी पाच वेळा चेंडू परत आपल्याच पोरीच्या पायात आला."

झालं. दिवसभर तेच. एक म्हणाला वारा. एक म्हणाला मैदानाला उतार असेल, डावीकडे गेलेलं घरंगळत परत येत असेल.

हे वाचून माझं डोकं फिरलं. माझ्या मैदानाला उतार? एकतीस वर्षं रोलर ओढतोय, तो काय हवा खायला? मी तसाच उठलो, मैदानावर गेलो आणि डाव्या बाजूचा फोटो काढून पाठवला. आणि बोलून सांगितलं, "उतार-बितार काही नाही. उलट माझीच तक्रार आहे. डाव्या कडेला, रेघेपासून तीन पावलं आत, हातभर रुंदीची पट्टी झिजलीय. मधल्या रेघेपासून थेट कॉर्नरपर्यंत. गवत मी दोनदा लावलं, दोनदा गेलं. तिथे कोण रोज पळतंय ते आधी मला सांगा, मग उताराचं बोला."

गवत खोटं बोलत नाही. गोलकीपर उभी राहते तिथे झिजतं, मध्यावर झिजतं, रेफ्री वाकडा चालतो तिथेही झिजतं. पण जिथे कुणी खेळत नाही तिथे झिजलेलं मी तोवर बघितलं नव्हतं.

न्हाव्याला आयतंच सापडलं. त्याने लिहिलं, "मंडळी, आपली बारावी खेळाडू सापडली! पगार नाही, बूट नाही, डबा नाही. नाव ठेवा डावी."

आणि तेव्हापासून ती डावी झाली. सामना हरला की डावी आज आलीच नाही, जिंकला की डावीची कृपा. अंदाज लावताना लोक लिहायचे, डावी रंगात असेल तर तीन-एक. गंमत सगळी. हसणाऱ्यांत मीही होतो, ते नाकारत नाही.

आता यादीचं सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

दर शुक्रवारी न्हावी संघातल्या पोरींची नावं टाकायचा आणि सगळ्यांनी मतं द्यायची, रविवारी कोणत्या अकरा जणी खेळाव्यात. जास्त मतांच्या अकरा नावांची यादी संध्याकाळी लागायची. कोच तो ग्रुप बघायचाही नाही. त्याला हवं तेच तो करायचा. पण यादीतली दहा नावं जुळली की न्हावी आठवडाभर कॉलर ताठ करून फिरायचा. तर एका शुक्रवारी त्याने त्या नावांत गमतीने 'डावी' हेही नाव घातलं. लोकांनी गमतीने भरभरून मतं दिली. मीही दिलं. यादीत अकराच नावं मावतात. डावी आत आली, म्हणजे एक पोरगी बाहेर गेली.

त्या आठवड्यात आठ नंबर बाहेर गेली. मीच बोलून पाठवलं होतं, "आठ नंबरला बसवा, ढेपाळलीय, पाय उचलत नाही." शब्द माझेच.

शनिवारी ती स्वतःच्या घराचा जिना उतरताना पडली. घोटा मोडला.

दुसऱ्या शुक्रवारी पाच नंबरला मतं कमी पडली. शनिवारी तिला ताप भरला, तो तीन आठवडे उतरला नाही. तिसऱ्या शुक्रवारी दहा नंबर, शाळेत शिकवायची, तिला सगळे मास्तरीण म्हणायचे. शनिवारी सकाळी ती अंथरुणातून उठायला गेली आणि उठताच येईना. पाय होते, पण तिचं ऐकत नव्हते. दवाखान्यात नेलं. जेवढ्या तपासण्या असतात तेवढ्या केल्या. डॉक्टर म्हणाले, काही सापडत नाही.

आणि संघ मात्र जिंकत होता. राखीव पोरी घेऊनही. डावीकडून चेंडू परत येत होता.

मी शिकलेला नाही, पण मी सुतळी ताणतो. तीन खुंट्या एका रेषेत आल्या की मला दिसतं. मी ग्रुपवर बोलून पाठवलं, "ते नाव काढा यादीतून. थट्टा पुरे झाली."

हसणारी तोंडं आली, ओळीने. न्हाव्याने लिहिलं, "आजोबा, डावीवर जळता काय? तिला तरी तुमच्या रेघा दिसतात."

फक्त कंपाउंडरने ग्रुपवर नाही, मला एकट्याला फोन केला. आवाज खाली घेऊन बोलत होता, जसं काही दुकानात कुणी ऐकेल.

"आजोबा, मी मोजायचं बंद केलंय."

"का?"

"समोरच्या संघाच्या पोरी बघितल्या का तुम्ही? त्या पट्टीवरून पळत येतात ना... तेव्हा बाजूला होतात. प्रत्येक वेळी. वाट दिल्यासारख्या. त्यांना स्वतःलाही कळत नाही..."

"आणि?"

"आणि काही नाही. मी चित्रण पुसून टाकलं." त्याने फोन ठेवला.

त्या रविवारी भिंगरीने पेनल्टी चुकवली. बारच्या वरून मारली. सामना जिंकला, पण चुकलेलंच लोकांच्या लक्षात राहतं. शुक्रवारी मतं पडली आणि संध्याकाळी यादी लागली. मी बोट ठेवून वाचली. एक, दोन, चार... तीन नंबर नव्हता. सगळ्यात खाली डावी. त्याखाली न्हाव्याने लिहिलं होतं, "भिंगरीला या आठवड्यात विश्रांती. आजोबा, रागावू नका, बहुमताचा मान ठेवा."

दोन दिवसांनी, रविवारी, एका मोठ्या क्लबचा माणूस खास तिला बघायला येणार होता. पण खरं सांगतो, मला त्या माणसाची आठवणही झाली नाही. माझ्या डोळ्यांसमोर मास्तरणीचे पाय होते. पांढऱ्या चादरीवर ठेवलेले, दुसऱ्या कुणाचे तरी असावेत तसे.

शनिवारी सकाळी भिंगरी पलंगाच्या कडेला बसून तळवे चोळत होती.

"काय झालं गं?"

"मुंग्या आल्यात आजोबा. अवघडून झोपले असेन."

दुपारी तिने गरम पाण्यात पाय बुडवले आणि तिला पाणी गरम लागेना. लेकीने बोट घालून बघितलं, तर तिचं बोट भाजलं. डॉक्टरकडे नेलं. त्याने शक्तीच्या गोळ्या दिल्या. चार वाजेपर्यंत ते बधिरपण घोट्याच्या वर गेलं होतं. पोरगी घाबरली होती, पण दाखवत नव्हती. "उद्या सकाळपर्यंत उतरेल," असं आईलाच समजावत होती.

मी न्हाव्याच्या दुकानात गेलो. एक गिऱ्हाईक तोंडाला फेस लावून बसलं होतं.

"या आजोबा. तुमचे केस तर दोनच उरलेत, बसा, फुकट कापतो."

"यादी पूस."

"आता? मतं देऊन झाली, यादी लागली. पुढच्या वेळी देऊ की तिला मत."

"तिचे पाय गेलेत. घोट्यापर्यंत गेलेत. आता गुडघ्याकडे चाललेत."

वस्तरा त्याच्या हातात तसाच राहिला. तो आधी हसला, मग माझ्याकडे बघून हसायचं थांबला. गिऱ्हाइकाला म्हणाला, "दोन मिनिटं हं." हात पुसून त्याने मोबाइल घेतला, माझ्यासमोर यादी पुसली. ग्रुपवर लिहिलंही, की डावीचं नाव यापुढे कुणी घ्यायचं नाही.

"पुसली. झालं समाधान?"

मी तिथूनच लेकीला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, आता पोटरीलाही चिमटा कळत नाही. तुम्ही आहात कुठे?"

न्हावी माझं तोंड बघत होता. "आजोबा, मी पुसली. पण साठ जणांनी वाचली ती वाचली. त्यांच्या डोक्यातून मी कशी काढू?" मग हळूच म्हणाला, "आठ नंबरला... मीपण मत दिलं होतं. तिच्याविरुद्ध."

"मीही," म्हणालो आणि निघालो.

घरी जायला पाय वळेनात. मैदानावर गेलो. दिवस कलला होता, पण उजेड होता. मैदानात कुणी नव्हतं. पाण्याचा फवारा मारून झालेला, ओल्या गवताचा आणि चुन्याचा वास सगळीकडे. तो वास मला घरासारखा. मी डाव्या बाजूच्या बाकावर बसलो. पट्टी समोरच.

बराच वेळ काही नाही. मग दूर मध्यावर गवत जरासं दबलं. वारा नव्हता. त्याच्या पुढचं दबलं. मग त्याच्या पुढचं. एकामागून एक, पळणाऱ्या पावलांच्या अंतराने. आवाज आलाच तर एवढा, की ओलं फडकं कुणी हळूच जमिनीला टेकवतंय. ते कॉर्नरपर्यंत गेलं. तिथून वळलं. परत आलं. आणि माझ्या समोर आल्यावर थांबलं.

दबलेलं गवत तसंच होतं. दोन पावलांएवढं. बोटं माझ्याकडे.

मी आयुष्यात कुणापुढे हात जोडले नाहीत. क्लबच्या अध्यक्षाशी सुद्धा मी बसून बोलतो. पण त्या दिवशी बाकावरून उठलो.

"कोण आहेस पोरी...?"

काही नाही.

"तुला खेळायचंय ना... खेळ. मी कधी अडवलं? पण ही माझी एकच आहे..."

गवत हललं नाही. दूर रस्त्यावर कुणाची तरी सायकल गेली, घंटी वाजली. मग समोरचं गवत वर आलं, सावकाश. आणि पुढचं दबलं. पुढचं दबलं. ती पुन्हा पळायला लागली होती. माझ्यावर राग नव्हता तिचा. दयाही नव्हती. एवढंच कळलं, की तिला खेळायचं आहे आणि जागा अकराच आहेत.

घरी आलो. गुडघ्यापर्यंत आलं होतं. लेक पोरीचे पाय मांडीवर घेऊन बसली होती, चोळून चोळून तिचे हात लाल झाले होते. मी आडवा झालो, झोप कुठली. विचार करत होतो. माझ्या हातात यादी नाही. औषध नाही. मत दिलं ते परत घेता येत नाही. माझ्या हातात काय आहे? रेघ आहे. रेघेच्या बाहेर गेलं ते खेळाच्या बाहेर गेलं. हा नियम लहान मूलसुद्धा पाळतं. ती खरंच खेळाडू असेल, तर तिलाही पाळावा लागेल.

फटफटताना मैदानावर पोचलो. आदल्या सामन्याच्या कडेच्या रेघा झाडूने झाडल्या, वर माती टाकली. मैदानाची रुंदी आमची पंचाहत्तर पावलं. नियमात पासष्टही चालते, हे रेफ्रीशी भांडून भांडून मला पाठ झालेलं. गोल मध्यावरच राहायला हवा, म्हणून दोन्ही कडा सारख्याच आत घ्यायच्या. पाच पावलं उजवीकडून, पाच डावीकडून. पट्टी तीन पावलांवर होती. म्हणजे ती बाहेर जाणार, आणि वर पाऊलभर शिल्लक.

उजवी रेघ आधी मारली. काही झालं नाही. मग डावीकडे आलो. खुंटी ठोकली, सुतळी ताणली, डबा भरला आणि ढकलायला सुरुवात केली.

मधली रेघ ओलांडून दहा पावलं गेलो असेन. माझ्या डाव्या हाताला, पट्टीवर, आवाज सुरू झाला. तोच, ओल्या फडक्याचा. माझ्या चालीने. मी हळू झालो, तो हळू झाला. मी थांबलो, तो थांबला. मी मान वळवली नाही. रेघ मारताना मान वळवली की रेघ वाकडी जाते, आणि त्या दिवशी रेघ वाकडी जाऊन चालणार नव्हतं. चाकाची कुरकुर, माझा श्वास, आणि त्याच्या बाजूला आणखी एक श्वास. दमलेल्या माणसाचा नाही. सामन्याआधी रेघेबाहेर उभं राहून पोरी आत यायची वाट बघतात ना, त्या वेळी घेतात तसा.

अर्धी पट्टी मागे पडली. हाताला घाम सुटला होता, मूठ निसटत होती. डब्यातली फक्की संपत आली. संपली असती, तर फट राहिली असती. मी देवाचं नाव घेत नाही कधी, पण तेव्हा काहीतरी पुटपुटलो. शेवटची दोन पावलं मुठीने फक्की टाकली, वाकून, जमिनीला नाक लागेस्तोवर. रेघ कॉर्नरच्या रेघेला मिळाली.

आवाज थांबला.

मी तिथेच बसून राहिलो. कितीतरी वेळाने फोन वाजला. लेक होती. रडत होती, पण ते रडणं वेगळं होतं. "बाबा, ती उठली. पायाला चिमटा काढला तर मलाच ओरडली."

चार वाजता शिट्टी झाली. त्याआधी रेफ्रीने रुंदी पावलांनी मोजली, माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे बघितलं. तो वळून मध्याकडे गेला. भिंगरी खेळली. पाय जड होते सुरुवातीला, मग मोकळे झाले. तीन वेळा तिने सवयीने चेंडू डावीकडे पुढे दिला. तीनही वेळा तो सरळ रेघेबाहेर गेला, आणि कुणी परत दिला नाही. तिसऱ्या वेळी ती कमरेवर हात ठेवून बाहेर बघत उभी राहिली. आम्ही दोन-शून्यने हरलो. पण मोठ्या क्लबच्या माणसाने तिचा नंबर लिहून घेतला. हरणाऱ्या संघात ती एकटी बॅक चार जणींना पुरून उरली, असं तो कोचला म्हणाला.

ग्रुपवर नुसता शिमगा. कोणीतरी चित्रण ताणून ताणून बघून मैदान अरुंद झाल्याचं शोधून काढलं. "फक्कीआजोबाला म्हातारचळ लागला, मैदानाची गल्ली करून ठेवली." मी उत्तर दिलं नाही. न्हाव्याने एकट्यानेच लिहिलं, "आजोबांनी केलं ते नियमात आहे. विषय बंद." महिन्याभराने मास्तरीण काठी घेऊन चालायला लागली, पुढे काठीही सुटली.

घरी मात्र भिंगरी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी बूट पुसत बसलो होतो, तिचेच, तर समोर येऊन उभी राहिली.

"आजोबा, रेघ का हलवलीत?"

"नियमात आहे."

"नियमाचं नाही विचारलं मी."

मी बूट पुसत राहिलो. ती खाली बसली.

"ती शेवटपर्यंत उभी होती. बाहेर. मी चेंडू दिला की तिने नुसता जाऊ दिला..." थोडं थांबून म्हणाली, "मला कधी हाक मारायची नाही ती. पण तिथे आहे हे कळायचं. डावीकडे एकटं वाटायचं नाही. तुम्ही तिला बाहेर काढलंत."

"तुझे पाय जायला लागले होते, पोरी."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. मग आत निघून गेली. मी बरोबर केलं असं ती म्हणाली नाही. मीही ती म्हणेल म्हणून थांबलो नव्हतो.

दोन महिन्यांनी मोठ्या क्लबने तिला बोलावलं. गाव लांबचं, रात्रभराचा प्रवास. राहायची सोय, पगार, सगळं. लेक रडली, मी स्टेशनवर बॅग धरून उभा राहिलो. गाडी हलली आणि मी मनात म्हणालो, गेली एकदाची इथून. मी ते मैदान परत रुंद केलं नाही. बाहेरच्या पट्टीवर पुढच्या मोसमात गवत आलं. दाट आलं. मला वाटलं, मिटलं.

तिकडे तिच्या क्लबचाही ग्रुप आहे, लाखभर माणसांचा. तिनेच मला त्यात घातलं. मी रोज थोडं वाचतो, बोट ठेवून. मला तिथे कुणी ओळखत नाही. पहिला महिनाभर नवी बॅक बरी आहे, नवी बॅक घाई करते, असं चालायचं. गेल्या सोमवारी कुणीतरी लिहिलं, "तीन नंबरने डावीकडे रिकाम्या जागेत दिलेला पास परत कुणी दिला? कॅमेऱ्यात दिसत नाही." त्याखाली शेदोनशे जणांची चर्चा. वारा म्हणे.

मी भिंगरीला फोन लावला. आवाजात आनंद होता तिच्या.

"आता बरं वाटतं आजोबा. सुरुवातीला फार एकटं वाटायचं इथे. आता नाही वाटत."

"तिकडे तुमच्या मैदानावर फक्की कोण मारतं?"

"का?"

"मला त्याच्याशी बोलायचंय. नंबर दे त्याचा. पाहिजे तर मी येतो तिकडे. डबा, सुतळी घेऊन येतो."

ती हसली. "कोणी नाही मारत आजोबा. इथलं गवत नकली आहे. रेघा त्यातच विणून आलेल्या आहेत, कारखान्यातूनच. कधी पुसत नाहीत आणि कधी हलत नाहीत."

"गंमत म्हणजे," ती म्हणाली, "नवंकोरं आहे, दहा वर्षं काही होणार नाही म्हणाले होते. आणि एका बाजूला आत्ताच झिजलंय. कंपनीची माणसं येऊन मोजून गेली, त्यांनाही कळेना." पलीकडे तिला कुणीतरी खेळायला बोलावलं असावं, कारण ती फोन बाजूला करून म्हणाली, "आले, आले." मग मला म्हणाली, "ठेवते आजोबा."

फोन ठेवल्यावर आठवलं. त्या वेळी तिच्या मागे अगदी शांत होतं. कुणी हाक मारल्याचं मला ऐकू आलं नव्हतं.